सुकन्याच्या नावाचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. म्हणजे होतो. आता माझी सळई झाली आहे, आणि त्या सळईत मी एकटा नाही, पण ते पुढं सांगतो. इतकी वर्षं पत्रा म्हणून काढली, त्यामुळं बोलणं पत्र्याचंच येतं तोंडात. दमलो आहे. मधेच आवाज बसला तर समजून घ्या.

लोखंड कशापासून मिळतं, असा प्रश्न तुम्हाला परीक्षेत येतो. तुम्ही लिहिता, खनिजापासून. एक गुण मिळतो. ते खनिज म्हणजे काय ते मी सांगतो. एक तांबडा डोंगर होता. त्याच्यावर मोहाची झाडं होती, अस्वलं होती, खाली एक ओढा होता. त्या डोंगराला सुरुंग लावले. दुसरीकडं जमिनीचं पोट फाडून कोळसा काढला. दगड आणि कोळसा एका उंच भट्टीत घातला, आणि खालून मी निघालो. ओढा पुढं तांबडा वाहायला लागला, नंतर वाहायचाच थांबला. एक टन पोलाद असं नव्यानं काढायचं तर त्याच्या दुपटीच्या आसपास वजनाचा वायू आभाळात जातो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून कुणाला त्याची लाजही वाटत नाही. तो वर पांघरुणासारखा बसतो आणि खाली ऊन कोंडून ठेवतो. त्या कोंडलेल्या उन्हाशी माझी पुढं गाठ पडायची होती. तेव्हा मला काय ठाऊक? मला लाटलं, जस्ताच्या कढईत बुडवलं, अंगावर लाटांसारख्या नाळी पाडल्या. मी चांदीसारखा चमकत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

१९९३ साली, गणपती बुडवून लोक झोपले असताना, किल्लारीच्या बाजूची गावं भूकंपात पडली. ती माळवदाची घरं होती. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत गार लागायचं म्हणे. तोच गारवा माणसांच्या अंगावर आला. मी गोदामात होतो. आम्हाला ट्रकात घातलं आणि चिखलातून तिकडं नेलं.

माझ्या वाट्याला आलेल्या शेडमध्ये शिवकांता आणि रामलिंग ही नवराबायको राहायला आली. त्यांचा मुलगा विरूपाक्ष गणपतीसाठी मामाच्या गावाला गेला होता, म्हणून राहिला. तीन वर्षांची सुकन्या आतल्या खोलीत होती. ती राहिली नाही.

त्यांच्यात पुरायची रीत आहे. अंघोळ घालायची, कपाळाला विभूती लावायची, बसवून मातीत ठेवायचं. पण त्या दिवसांत पाऊस लागला होता, रोगराईची भीती होती, आणि माणसं मोजता येत नव्हती. मिळेल ती लाकडं रचून सगळ्यांना एकत्र जाळलं. सुकन्याही त्यातच गेली, मातीनं माखलेली, जशी सापडली तशी. शिवकांता हे कुणाला सांगत नसे. मी पत्रा असल्यामुळं माझ्याखाली बोललेलं सगळं मला ऐकू येतं, म्हणून कळलं.

पोरीचा फोटो नव्हता. होता तो भिंतीखाली गेला. रामलिंगाला लिहायचा फारसा सराव नव्हता. एके दिवशी त्यानं खाट ओढली, वर चढला आणि माझ्या आतल्या अंगावर खिळ्यानं नाव कोरलं. सुकन्या. अक्षरं वाकडी आली. शिवकांता जिथं निजायची त्याच्या बरोबर वर. खिळा लागला तेव्हा मला दुखलं होतं, पण मी कुरकुरलो नाही. त्या घरात त्याच्यापेक्षा जास्त दुखणारं पुष्कळ होतं.

पुढारी आले. माझ्या सावलीत खुर्च्या टाकून बसले, घाम पुसला, हे सगळं तात्पुरतं आहे असं सांगून गेले. काही वर्षांनी नवं गाव वसलं. सळईची, सिमेंटची, आखीवरेखीव घरं मिळाली. आणि मग सगळ्या वस्तीत एकच तऱ्हा सुरू झाली. घराला कुलूप आणि माणसं अंगणात, शेडवरून काढून आणलेल्या पत्र्याखाली. शेजारची साखराबाई हसून म्हणायची, "सरकारनं घर दिलं जवारीच्या पोत्याला, अन् पत्रा दिला आपल्याला. पोती सुखात हायती." शिवकांता हसायची नाही. माझ्याकडं बघून म्हणायची, "हा पडला तर लई झालं डोकं फुटंल. जीव न्हाई जायचा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. ते मी वीस वर्षं पुरवून खाल्लं. उन्हात तापलो, गारांनी ठेचलो, वानरं नाचली, पण तिच्यावर पडलो नाही.

रामलिंग गेला. त्याला रीतीप्रमाणं शेतात पुरलं. विरूपाक्ष तोवर लातुरात एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला लागला होता, आणि क्लासच्या गल्लीत त्यानं घर बांधलं होतं. तो आईला न्यायला आला. तिनं एकच अट घातली. पत्रा येणार असेल तर मी येते. स्लॅबखाली मी निजणार नाही. पोरानं कपाळावर हात मारला, पण टेम्पो आणला. मी आणि माझे सहा भाऊ लातुरात आलो आणि गच्चीवर चढलो. तिच्यासाठी तिथं एक खोली झाली. नाव बरोबर खाटेच्या वर येईल असं तिनं स्वतः उभं राहून बसवून घेतलं.

लातूर तुम्हाला माहीत असेल. तुमच्यातले निम्मे तिथंच शिकायला जाणार. ज्या गल्लीत पूर्वी लिंबाची झाडं होती तिथं वसतिगृहं उभी राहिली. दप्तराच्या ओझ्यानं वाकलेली पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाहत असतात. झाडं तोडली, अंगणात फरशी घातली, बोअर पाडून जमीन चाळण केली, आणि मग एका उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. तरी कुणी विचारलं नाही की हे ऊन एवढं का वाढलं. सगळे एकमेकांना विचारत होते, पोरीला किती मार्क पडतील?

विरूपाक्षाच्या घरातली खालची गार खोली भाड्यानं दिलेली. तिच्या वरची पण. पंखा, टेबल, खिडकी, सगळं परक्या पोरांना. त्याची स्वतःची लेक वैष्णवी बारावीला आली तेव्हा तिला अभ्यासाला जागा उरली नाही. ती गच्चीवर आज्जीच्या खोलीत आली. डॉक्टर व्हायचं होतं तिला. म्हणजे घरानं तसं ठरवलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं.

आता ह्या शिकल्यासवरल्या लोकांची अक्कल ऐका. पावसाळ्यात मी दोन ठिकाणी गळलो. माझं वय झालं होतं, खिळ्यांची भोकं मोठी झाली होती. विरूपाक्षानं डांबर तापवून माझ्या सगळ्या पाठीला फासलं. मी जन्मभर चांदीसारखा, ऊन अंगावरून परतवणारा. मला काळाकुट्ट केला. डांबरावर क्लासचा जुना फ्लेक्स अंथरला, कारण तो फुकट होता. पहिल्या आलेल्या पोरापोरींचे हसरे चेहरे आभाळाकडं तोंड करून माझ्यावर निजले. गळणं थांबलं. सगळ्यांना आनंद झाला. उन्हाळा आला तेव्हा त्या काळ्या पाठीनं सगळं ऊन पिऊन घेतलं, मी ते पोटात धरू शकलो नाही, आणि ते खाली सोडत राहिलो. घरात येणारा जाणारा म्हणे, पत्रा लई तापतो. अरे, मला कुणी तापवलं?

वैष्णवी खाटेवर पडून वर बघत धडे पाठ करायची. रक्ताभिसरण म्हणताना तिची नजर त्या नावावर असायची. कधी कंटाळली की आज्जीला विचारायची, आत्या कशी दिसायची? शिवकांता सांगायची, गोरी न्हवती, केस कुरळे, गूळ खायची. तेवढंच. पोर तीन वर्षांच्या पोरीला आत्या म्हणायची, त्याचं मला नेहमी नवल वाटे.

एप्रिलातली दुपार. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली. शिवकांता खाली पाणी आणायला गेली होती. वैष्णवी खाटेवरून उठली, भिंतीला धरलं आणि खाली बसल्यासारखी पडली. घाम यायचा बंद झाला होता. अंग माझ्यासारखं तापलं होतं. मी वरून सगळं बघत होतो, आणि पत्र्याला ओरडता येत नाही. वारा असता तर आपटलो असतो. वाराही नव्हता.

आज्जी वर आली, तिनं सगळा हंडा पोरीवर ओतला. त्या हंड्यानं पोर वाचली, असं पुढं दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी असंही सांगितलं की ही पुन्हा त्या खोलीत गेली तर आमच्याकडं आणू नका.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष पाना घेऊन आला आणि माझे नट काढायला लागला. आम्ही सातही जण गच्चीवर उतरलो. खालची एक खोली त्यानं रिकामी करून घेतली, लेकीसाठी आणि आईसाठी. मग भंगार घेणाऱ्या रामकिशनला बोलावलं. त्यानं फ्लेक्सचं टोक उचलून पाठ बघितली आणि चुकचुकला. म्हणाला, नांदेडच्या मोठ्या यार्डात डांबराचा माल आत घेत नाहीत. पण काळजी करू नका, आम्ही माळावर नेऊन पेटवून साफ करतो. काळा धूर होतो थोडा.

शिवकांता आली आणि माझ्यावर बसली. नाव होतं त्याच पत्र्यावर. उठवायला गेलेल्या पोराचा हात तिनं झटकला.

"पेटवायचं न्हाई," ती म्हणाली. "शेतात खड्डा काढ, तुझ्या बापाशेजारी. अन् पुर ह्याला."

"माय, पत्रा पुरतंय का कुणी?"

"माणसं जाळली तवा विचारलास का, जाळतंय का कुणी?"

  विरूपाक्ष खालच्या आवाजात म्हणाला, नाव आहे तेवढा तुकडा कापून ठेवू, बाकीचा देऊन टाकू. ती म्हणाली, चेंगरली ती पुरे झाली, आता कापायची का? रामकिशन बिचारा चांगल्या मनाचा. तो म्हणाला, आज्जी, जस्ताचा माल हाय, मातीत घातला तर पंचवीस वर्षं नांगराला अडकंल, कुणाच्या पायात घुसंल. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

माझं काय म्हणणं होतं, विचारताय? मला पुरून घ्यायचं होतं. खरं सांगतो. मी दमलो होतो. मातीत गुपचूप गंजत पडावं, कुणी तापवू नये, कुणी फासू नये, एवढीच इच्छा उरली होती. बाईच्या बाजूनं मी होतो.

वैष्णवी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. हाताला सलाईनची पट्टी तशीच. तिला वर यायची बंदी होती, तरी आली होती. ती हळूच म्हणाली, "आज्जी, आत्या मातीखालीच गेली ना? परत मातीतच घालायची का तिला?"

 खालच्या गल्लीतून क्लास सुटलेल्या पोरांचा गलका येत होता. शिवकांतानं पदर तोंडाला लावला. मग ती उठली, रामकिशनला म्हणाली, "चार रोजानं ये. पण पेटवलास तर बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात ती खुरपं घेऊन आली. डांबर उन्हात चिघळतं, पण सकाळी कडक असतं, खुरप्यानं तासलं की खपली निघाल्यासारखं निघतं. तिनं आयुष्यभर तूर निंदली होती, तशीच उकिडवी बसून ती मला निंदायला लागली. वैष्णवी फ्लेक्स सोलायची. त्या पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे डांबरासकट फाटून निघत होते. ऊन चढलं की आज्जी तिला खाली हाकलायची. "जा, अभ्यास कर. मेलीस तर डाक्टर कोण हुईल?" पोर म्हणायची, दुसरं कुणीबी हुईल. आज्जी म्हणायची, दुसऱ्या कुणाला मी पाणी ओतणार न्हाई.

सातही पत्रे तिनं तासले. माझ्या पाळीला तिनं ऊन पाणी आणलं, कोमट, हातावर घेऊन बघितलेलं. आधी पाठ धुतली. मग मला उलटा करून पोट धुतलं. नाळीनाळीत बोटं घालून धुतलं. अक्षरांत बसलेली वर्षांची धूळ तिनं पदराच्या टोकानं काढली, कोरडं केलं, आणि कनवटीची पुडी सोडून त्या नावाला विभूती लावली.

मित्रांनो, पत्र्याला कुणी अंघोळ घालत नसतं. पाऊस घालतो तेवढीच. ती अंघोळ माझी नव्हती, हे मला कळत होतं. मी फक्त हललो नाही. मला जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं.

रामकिशन टेम्पो घेऊन आला. मला सगळ्यांच्या वर ठेवलं, नाव आभाळाकडं. टेम्पो सुरू झाला तेव्हा शिवकांता दारात उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती नातीला म्हणाली, "चल आत. ऊन हाय." आणि त्या स्लॅबच्या घरात, वर एकदा बघून, मान जराशी खाली घालून, ती आत गेली.

नांदेडच्या यार्डात माझ्यासारख्यांचा डोंगर होता. गंजलेली कपाटं, मोडक्या सायकली, पाणीटंचाईत विकत घेतलेली पिंपं, बंद पडलेल्या क्लासचे बाक. लोहचुंबकाचा मोठा पंजा यायचा आणि मूठ मूठ उचलायचा. तिथं ट्रकामागून ट्रक रिकामे होत होते. मशीननं आम्हाला दाबून एकेक गठ्ठा केला. मी दुमडलो तेव्हा नाव आत गेलं. त्याला बाहेरचं काही लागलं नाही.

मग जालन्याकडची भट्टी. मला आगीची भीती होती, कारण पहिली आग माझ्या लक्षात होती. ही वेगळी होती. इथं डोंगर फोडून आणला नव्हता, त्याचा दगड वितळवायला कोळशाच्या राशी ओतल्या नव्हत्या. विजेनं आम्हाला तापवलं. माझं जस्त पांढरा धूर होऊन वर गेलं, आणि वर लावलेल्या मोठ्या नळानं ते ओढून पिशव्यांत धरलं. जिथं असा नळ लावत नाहीत तिथं कामगारांची छाती नळाचं काम करते, तेही सांगून ठेवतो. आणि ती वीज कुठून येते? अजून बरीचशी कोळशातूनच येते. तेव्हा ह्या भट्टीला हार घालू नका. पण खनिजातून नवं पोलाद काढताना जेवढा वायू वर जातो, त्याच्या कितीतरी कमी इथं जातो. वीज उन्हावरची, वाऱ्यावरची झाली तर आणखी कमी जाईल. हे खरं आहे, आणि खऱ्याला भाषण लागत नाही.

आणि एक खोटं मोडून काढतो. एक पत्रा दिला की पृथ्वी वाचली, असं तुम्हाला शाळेत वसुंधरा दिनाला सांगतात, प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर छापून सांगतात. एका पत्र्यानं काही वाचत नाही. रोज ट्रकांची रांग लागते, रोज यार्ड भरतं, रोज भट्टी पेटते, तेव्हा कुठं दूर एखाद्या तांबड्या डोंगरावर सुरुंग लावायचा राहून जातो. हे कारखान्याएवढं मोठं काम आहे, ते कारखान्यानंच करायचं. सरकारनं करवून घ्यायचं. तुम्ही फक्त आपला माल त्या रांगेत पोचवायचा. तेवढंही होत नाही तुमच्याकडून, म्हणून राग येतो.

त्या भट्टीत मी संपलो. कपाट, सायकल, बाक आणि मी, कोण कुठलं ते कुणाला सांगता येईना. सुकन्याचं नाव त्या लाल रसात मिसळलं. जळालं असं मी म्हणणार नाही. माणसाला वेगळं वाटत असेल, पण मी आत होतो.

आता आम्ही सळया आहोत. भोकरच्या वाटेवर एका बांधकामावर मोळी बांधून पडलो आहोत. काय बांधणार ते आम्हाला सांगितलेलं नाही. लवकरच सिमेंटमध्ये जाऊ आणि मग बरीच वर्षं ऊन दिसणार नाही. त्याचं वाईट वाटत नाही. पुढं कधी ती इमारत पाडाल तर आम्हाला मातीबरोबर खड्ड्यात लोटू नका, वेगळं काढा. आम्ही पुन्हा येऊ. दमतो आम्ही, पण संपत नाही.

वैष्णवीची परीक्षा कशी गेली ते मला माहीत नाही. सळईला निकाल कळवत नाहीत.

तुमच्याही गच्चीवर, गोठ्यामागं, शाळेच्या मागच्या खोलीत माझे भाऊबंद पडलेले असतील. कुणी त्यांना आठवणीसाठी ठेवलं असेल, कुणी आळसानं. दोन्हीला गंज सारखाच चढतो. त्यांना बाहेर काढा. पेटवू नका, नाल्यात लोटू नका. डांबर असेल तर सकाळच्या गारव्यात तासा, पाण्यानं धुवा, कुणाचं नाव असेल तर जरा वेळ हात ठेवा, आणि मग द्या. उचलताना मात्र एकट्यानं उचलू नका. पत्रा हात कापतो. दुसरं टोक धरायला कुणालातरी हाक मारा.